शहात्तर ते नव्वद

बाबा, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन मीच केलं. आदल्या दिवशी विहार समितीची माणसं घरी आली आणि म्हणाली, "सुजाता, तूच कर. रेडिओवर बोलनारी घरात असताना बाहेरची कायले बोलवा लागते?" मेलेल्या माणसाच्या मुलीनं त्या दिवशी एका कोपऱ्यात बसून रडायचं असतं, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मी पांढरी साडी नेसले, घसा खाकरला, माइकवर दोनदा टिचकी मारली आणि सुरू झाले. त्रिसरण, पंचशील, भंतेजींची देसना, मग आदरांजलीसाठी एकेकाला बोलावणं. कोणी फार लांबवायला लागलं की मी नुसती त्याच्या बाजूला जाऊन उभी राहायची आणि तो आवरतं घ्यायचा. सव्वा तासात सगळं आटोपलं. जेवताना लोक म्हणत होते, कार्यक्रम चांगला झाला.

शेवटी मी स्वतः बोलले. मी जे बोलले ते ऐकून बाया पदर डोळ्याला लावून रडल्या, आणि ते सगळं खोटं निघालं. म्हणून हे लिहिते आहे.

तुमच्या मराठीत लिहिते आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या मराठीतलं तुम्ही ऐकून घेतलं नसतंत.

आपल्या घरात 'मले' म्हणायला बंदी होती. पिपरी मेघेतली आपली सगळी गल्ली मले-तुले करायची, आई करायची, चक्कीवाला करायचा. मी एकटी 'मला, तुला' करत फिरायची. सकाळच्या बातम्या लागल्या की तुम्ही मला रेडिओसमोर मांडी घालून बसवायचात आणि निवेदकाच्या मागोमाग एकेक वाक्य म्हणायला लावायचात. 'पाणी'तला 'ण' नीट उमटला नाही की फूटपट्टी. वाक्याच्या मध्येच श्वास घेतला की फूटपट्टी. मी आठ वर्षांची होते. शाळेत मुली मला 'बातम्या' म्हणून हाक मारायच्या. खेळताना 'मला चेंडू दे' म्हटलं की सगळ्या हसत सुटायच्या आणि चेंडू काही यायचा नाही.

आज मी जे काही करून खाते ते त्या फूटपट्टीच्या जोरावर, हे कबूल करते. श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे सोडायचा, माइक तोंडापासून किती लांब धरायचा, लांबलेल्या वक्त्याच्या बाजूला जाऊन गुपचूप कसं उभं राहायचं, सगळं तुमचं. तुम्ही होतात तेव्हा हे एकदा बोलायला हवं होतं. नाही बोलले. तुम्हीही माझ्या आवाजाबद्दल कधी चांगला शब्द काढला नाहीत, तेव्हा त्या बाबतीत आपली फिट्टंफाट.

तुम्ही असे का झालात ते मला फार उशिरा आईनं सांगितलं. कचेरीत नवीन असताना तुम्हाला पुण्याला प्रशिक्षणाला पाठवलं होतं. पहिल्या दिवशी एकेकानं उठून आपली ओळख करून द्यायची होती. तुम्ही उभे राहिलात आणि नाव सांगितलंत. आडनाव ऐकून सगळा हॉल गप्प झाला, आणि तुमचं पुढचं वाक्य ऐकून सगळा हॉल हसला. "मले वर्ध्याहून पाठोलं," एवढंच म्हणाला होतात. परत आलात ते साहेबांसारखं बोलतच. आई म्हणते, तिला आठ दिवस वाटत होतं की माणूस ताप डोक्यात गेल्यामुळे असं बोलतो आहे. मग तिला सवय झाली. स्वतः मात्र ती बदलली नाही, आणि तिला तुम्ही कधी फूटपट्टी दाखवली नाहीत. तिच्या बाबतीत तुम्ही आशाच सोडली होती, असं मला तेव्हा वाटायचं.

निवृत्तीनंतर तुम्ही तो जुना रेडिओ ट्यूनर आणलात. जाम गावाला, हायवेच्या चौकात, भंगारवाल्यांची रांग आहे, तिथे ट्रकनं उतरवलेल्या मालात तो होता. तुमचे कचेरीपासूनचे दोस्त मनोहरकाका बरोबर होते. ते घरी पंखे-मोटारींचं वाइंडिंग करतात, तुम्ही रेडिओ उघडून बसायचात, दोघांचं बरं जमायचं. ट्यूनर देखणा होता, हे मान्य. समोरचा पत्रा ॲल्युमिनियमचा, बाजूंना खरं लाकूड. काचेमागे दोन छोटे मीटर, एक स्टेशन किती जोरात येतं आहे ते दाखवणारा, दुसरा आपण स्टेशनच्या नेमके मध्ये आहोत की बाजूला सरकलो ते. फिरवायचं बटण इतकं जड आणि गुळगुळीत की एक झटका दिला की सुई या टोकापासून त्या टोकापर्यंत आपली आपण जायची. तुम्ही पाहुण्यांना तेवढं एक करून दाखवायचात. तो जपानातल्या घरांसाठी केलेला आहे, शंभर व्होल्टवर चालतो, हे तुम्हाला मागचा पत्रा वाचून कळलं. आपल्या भिंतीत तसाच लावला असता तर धूर निघाला असता. पंधरा दिवस बसून तुम्ही त्याच्यासाठी हातानं ट्रान्सफॉर्मर गुंडाळलात.

आईला वाटलं, आता घरात गाणी लागतील. पण ट्यूनरला स्पीकर नसतो. तो नुसता पकडतो, बोलायला त्याला दुसरी पेटी लागते. तुम्ही दुसरी पेटी आणली नाहीत, हेडफोन लावलेत. आई म्हणाली, "एवढी मोठी पेटी, अन आवाज एकट्यालेच?" तुम्ही हेडफोन लावलेले होते, तुम्हाला ऐकू गेलं नाही.

त्याच वर्षी मला त्या छोट्या रेडिओ केंद्रात काम मिळालं. दहा-बारा किलोमीटरपर्यंतच ऐकू जाणारं केंद्र, दुपारी तीन ते चार बायांचा कार्यक्रम. केंद्राच्या बाई म्हणाल्या, बायांशी त्यांच्यासारखं बोल. आणि मला येईना. तोंड उघडलं की बातम्या. चाळिशीच्या बाईला आपल्याच गावची बोली येत नव्हती, बाबा, ही तुमची कमाई. मग मी रोज संध्याकाळी आईकडे यायला लागले. ती भाजी निवडायची आणि मी तिच्या मागून म्हणायची, मले, तुले, काऊन, करून राह्यली. आईला हसू आवरायचं नाही. पन्नास वर्षांत त्या घरात तिला पहिल्यांदा कोणी काही शिकवायला सांगितलं होतं.

एका संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात.

"मी घासून घासून तुझी जीभ स्वच्छ केली," तुम्ही म्हणालात, "आणि तू ती चिखलात नेऊन बुडवलीस."

"बाबा, हा चिखल आईच्या तोंडात आहे," मी म्हणाले.

"तिला पुण्याला कोणी उभं केलं नाही."

"मलाही नाही केलं. मला तुम्ही उभं केलंत. रोज सकाळी, आठ वर्षांची असताना."

आई म्हणाली, "मले मंधात घेऊ नका." तुम्ही कृपया म्हणालात. "कृपया माझ्या घरात हे चालणार नाही." आणि मला हसू आलं. तो हसण्याचा प्रसंग नव्हता, पण 'कृपया' ऐकलं आणि आलं. तुमचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. थांबले नाही.

पुढे मी जे केलं ते सूड म्हणून केलं. शोकसभेत मी ते सांगितलं नाही, इथे सांगते. मी कार्यक्रमात एक माणूस आणला. त्याचं नाव कृपयाराव. निवृत्त साहेब, बोलतो बातम्यांसारखं. बायकोला म्हणतो, "कृपया पिण्याचे पाणी उपलब्ध करून द्यावे," आणि बायको म्हणते, "रांजनात हाय, घ्या न हातानं." त्याचा आवाज मीच काढायची, नाकात थोडा, शब्दाच्या शेवटी तुमचा तो छोटा विराम. बायांना इतका आवडला की आठवड्यातून एकदाचा कृपयाराव तीनदा करावा लागला. भाजीबाजारात लोक मला थांबवून म्हणायचे, ताई, आमच्या घरी बी एक हाय तसा. आणि आपल्या गल्लीत तर सांगायची गरजच नव्हती. तुम्हाला तीस वर्षं ओळखणारा पानवाला एक दिवस म्हणाला, "काय कृपयाराव, कृपया चुना किती लावू?" आईनं मला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ते पान न घेताच परत आले, अन मले म्हनाले, दार ओढून घे. कृपया नाई म्हनलं.

पुण्याचा हॉल तुम्हाला एकदा हसला होता. मी लोकांना तुमच्यावर आठवड्यातून तीनदा हसवलं. तरी मी ते थांबवलं नाही, कारण चाललं होतं.

त्यानंतर तीन वर्षं तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मी यायची, तुम्ही आईला म्हणायचात, "त्यांना विचार, चहा घेणार का." त्यांना. मीही आईला म्हणायची, "सांग, घेते." मधे आई कप घेऊन उभी. पुढेपुढे मीच येणं कमी केलं. दिवाळीला डबा पाठवला तरी चालतं, असं माझं मत झालं होतं.

तुम्ही गेलात आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी, मी साडीच्या निऱ्या करत असताना, आई म्हणाली, "सुजा, एक सांगू का? ते आइकत होते तुले."

मी निऱ्या सोडून दिल्या.

"सकाळच्या बातम्या आइकत तवा बटन इकडं राहे. तीन वाजले का बटन तिकडं फिरवत, ते यफेम का काय ते. अन हेडफोन लावून चार वाजेपर्यंत बसत. रोज. एक दिवस चुकला नाई. तीन वर्षं."

एवढं पुरलं मला. आई सांगत होती आणि मी उभ्याउभ्या रडले. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा. आणि मग विहारात, सगळ्यांसमोर, माइक हातात घेऊन मी म्हणाले की माझे वडील माझ्याशी बोलत नव्हते, पण रोज तीन वाजता, कानाला हेडफोन लावून, ते माझा कार्यक्रम ऐकत होते. मी योग्य ठिकाणी थांबले. दोन सेकंद. मला माहीत होतं किती थांबायचं. सगळा हॉल हुंदके देत होता आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, झालं, सुटले.

लोक पांगल्यावर मनोहरकाका घरी आले. आई शेजारी भांडी परत करायला गेली होती. काका बसले, पाणी प्याले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, तुहं स्टेशन कितीवर लागते?"

"एक्याण्णव."

"त्या ट्यूनरमंदी एक्याण्णव नाईच."

मला कळलं नाही. ते उठले, ट्यूनरवरचं फडकं काढलं आणि काचेवर बोट ठेवलं. "हे वाच." मी वाचलं. ७६, ७८, ८०, असं करत ९०. तिथे पट्टी संपते. काका म्हणाले, "जपानमंदी यफेम शहात्तर ते नव्वद. आपल्याकडचे स्टेशन त्याच्या पुढं. जामलेच आम्ही पाह्यलं होतं. म्या म्हनलं, घेऊ नको, आपल्या कामाचं नाई. तो म्हने, मले मीडियम वेव्हच्या बातम्या पाहिजेत, बाकी काई नको."

"मग काही करता येत नाही का याचं?"

"येते न. आत एक स्क्रू असते. पाव चक्कर फिरवला का पट्टी सरकते, एक्याण्णव आत येते. तुह्या बापाच्या हाताले दोन मिनिटाचं काम."

"मग फिरवला असेल त्यांनी."

काकांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून वरचा पत्रा उघडला आणि मोबाइलचा टॉर्च लावला. आत धूळ नव्हती, तुम्ही फुंकून साफ ठेवलेलं. एका कोपऱ्यात तो छोटा स्क्रू, आणि त्यावर लाल लाखेचा थेंब. कारखान्यात सगळं जुळवून झालं की कोणी हात लावू नये म्हणून टाकतात तो. थेंब अख्खा होता. चरा नाही, भेग नाही. पन्नास वर्षांपूर्वी जपानातल्या कोणी टाकला, तसा.

"मंग तीन वाजता ते काय ऐकत होते, काका?"

हे मी 'मंग' म्हणाले. नंतर लक्षात आलं.

काकांनी मला समोरचं एक बटण दाखवलं. "हे म्यूटिंग. हे चालू ठेवलं तं जिथं स्टेशन नसते तिथली खरखर बंद राह्यते. कोनीबी चालूच ठेवते. यानं बंद ठेवलं हाय." त्यांनी ट्यूनर सुरू केला आणि हेडफोन माझ्या कानाला लावले. कढईत काही सतत तळत राहावं तसा आवाज. जोरात. त्यातून बाहेरचं काहीच ऐकू येत नव्हतं. काकांचे ओठ हलताना दिसले, मी हेडफोन काढले.

"काय म्हणालात?"

"म्हनलं, तीन वाजता तुहा आवाज या गल्लीत किती घरातून येते?"

निदान चार. समोरच्या काकू, पानवाला, वरच्या मजल्यावरची सून, चक्की. सगळे मोठ्यानं लावतात. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात.

बाबा, तुम्ही मला ऐकू नये म्हणून कानात खरखर घालून बसत होतात. रोज एक तास, तीन वर्षं. ज्यानं मला बोलायला शिकवलं त्यानं. मला इतका राग आला की तुमच्या फोटोसमोरची मेणबत्ती मी फुंकून टाकली. काका म्हणाले, "असं नको करू, पोरी," आणि परत लावली. मग मला वाटलं, बरोबरच केलंत. तुमच्या जागी मी असते तर पेटीच रस्त्यावर फेकली असती. तुम्ही निदान पत्रा पुसून ठेवलात. तेव्हापासून मी याच दोन गोष्टींमध्ये येरझारा घालते आहे. सकाळी एक वाटतं, दुपारी दुसरं.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "आज तीन वाजता मले बी लावून देजो. ते आइकत तसं मी बी आइकतो."

मी सुट्टीवर होते, केंद्र जुने भाग लावणार होतं. आईनं हेडफोन लावले असते आणि तिला खरखर ऐकू आली असती. तीन वर्षं ती तुमच्याजवळ चहा ठेवून पाय न वाजवता परत जायची, की बाप-लेकीच्या मधे यायला नको. हे तिनंच मला सांगितलं होतं. तिच्या हातातून ते काढून घ्यायची माझी हिंमत झाली नाही. मी काकांना फोन केला आणि दुपारी आईला आंघोळीला पाठवलं.

काका बांबूची काडी तासून घेऊन आले. तिथे लोखंड जवळ नेलं की सूर सरकतो म्हणाले. त्यांनी आधी मला विचारलं, "फोडू?" मी हो म्हणाले. लाखेचा थेंब टोकरला, तो तीन तुकड्यांत सुटून आला. काडी पाव चक्कर फिरली. काकांनी सुई शेवटच्या टोकाला नेली, आणि दोन्ही मीटरचे काटे उचलले गेले. "बस," काका म्हणाले, "एवढंच होतं."

तीन वाजता आई तुमच्या खुर्चीत बसली. केस ओले होते. मी तिच्या डोक्यावर हेडफोन नीट बसवले. समोरच्या घरातून मलाही ऐकू येत होतं. केंद्रानं नेमका कृपयारावाचा भाग लावला होता. मी खिडकी लावायला उठले, आणि आईकडे बघितलं तर आई हसत होती. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलत होते तिचे. तुमचीच नक्कल ऐकून. कार्यक्रम संपेपर्यंत ती उठली नाही.

मग तिनं हेडफोन काढले आणि वायर गुंडाळत म्हणाली, "आता चांगलं लागते. ते होते तवा तं नुसती खरखर ये."

मी म्हणाले, "तू ऐकलं होतंस?"

"कितीकदा. ते मोरीत गेले का लावून पाहो. नुसती खरखर."

"मग मला काऊन सांगितलं ते आइकत होते म्हणून?"

आई वायर गुंडाळतच राहिली. "मंग काय सांगू?" ती म्हणाली. "तुले काई तं सांगा लागत होतं."

ती उठून चहा टाकायला गेली. बाबा, तुम्ही माझ्यासाठी मागे एकच खरी गोष्ट ठेवली होती, तो न फोडलेला थेंब, आणि ती मी आईसाठी फोडली, जिला त्याची काही गरज नव्हती. आता उद्या कोणी तो ट्यूनर उघडला तर त्याला फिरवलेला स्क्रू दिसेल, सुई माझ्या केंद्रावर दिसेल, आणि तो म्हणेल, बाप रोज लेकीला ऐकत होता. तुमचं 'नाही' आता कुठेच राहिलं नाही. मला ते पाहिजे होतं.